मूळ संच

१५ डिसेंबर २०१९, रविवार. ऊन उतरायला लागलं तसे पनवेलहून सुटणाऱ्या हार्बर लोकलच्या डब्यात काळे टी-शर्ट दिसू लागले. खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर, सीवूड्स आणि मग नेरूळ. एरवी मुंबईत मोठा रॉक बँड आला की पनवेलकरानं कुर्ल्याला उतरायचं, तिथून वांद्रे-कुर्ला संकुल गाठायचं आणि परतताना शेवटच्या लोकलच्या धास्तीनं निम्मी मैफल घड्याळाकडे बघत ऐकायची, असा रिवाज. त्या दिवशी मात्र यू-टू सहा स्टेशनांच्या अंतरावर, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये येऊन ठेपला होता.

डब्यात पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस होता. जुन्या पनवेलमध्ये, लाइन आळीच्या आसपास वाढलेला. तो ज्या दौऱ्यातली मैफल ऐकायला निघाला होता तो 'द जोशुआ ट्री' या १९८७ च्या अल्बमचा दौरा होता, आणि हाच अल्बम त्याच्याकडे शाळकरी वयापासून कॅसेटवर होता. बोनो, द एज, अ‍ॅडम क्लेटन, लॅरी मलन. डब्लिनमधल्या एका शाळेत १९७६ मध्ये लॅरीनं सूचनाफलकावर चिठ्ठी लावली, पोरं जमली, बँड झाला. त्रेचाळीस वर्षांनी नेरूळच्या मंचावर तेच चौघे उभे राहिले. कॅसेटच्या कागदावर बारीक अक्षरांत वाचलेली चार नावं आणि समोरची चार माणसं यांचा मेळ बसला. माणसाला इतकं समाधान का वाटावं, हे त्याला स्वतःलाही त्या रात्री सांगता आलं नसतं.

पुढे जानेवारी २०२५ मध्ये त्याच मैदानावर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. तिथेही १९९८ पासूनचेच चौघे. नेरूळच्या मैदानाच्या नशिबी न फुटलेले बँड आले. त्या माणसाच्या घरातल्या बाकीच्या कॅसेटींचं नशीब तसं नव्हतं.

त्या काळात परदेशी संगीताची कॅसेट हाती येणं हाच एक सोहळा असे. कुणाचा तरी भाऊ मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून एखादी मूळ कॅसेट आणायचा आणि मग गल्लीतली पोरं कोऱ्या कॅसेटवर ती भरून घ्यायची. भरून घेतलेल्या कॅसेटला छापील कागद नसे. रेघा मारलेलं कोरं कार्ड असे, त्यावर निळ्या पेनानं गाण्यांची नावं उतरवायची आणि जागा उरली तर वादकांची. कोण गातो, लीड गिटार कुणाची, बेस कुणाचा, ड्रम्सवर कोण. इंग्रजी शब्द कळोत न कळोत, ही नावं तोंडपाठ असत. कार्डाची घडी नेमकी ड्रमरच्या नावावर यायची. उघडमीट करून तिथला कागद विरायचा, नाव पुसट व्हायचं आणि मग ते पुन्हा गिरवावं लागायचं.

रॉकच्या चाहत्याची भक्ती या यादीतून सुरू होते. गाणं आवडणं ही पहिली पायरी. ते गाणं चार-पाच विशिष्ट माणसांच्या एकत्र असण्यातून उगवलं आहे हे उमगणं ही दुसरी. एकदा ही दुसरी पायरी चढली, की यादीतलं एक नाव खोडलं गेल्याची बातमी घरातल्या बातमीसारखी लागते.

मराठी माणसाला खरं तर हे दुःख फार जुनं आहे. त्यासाठी आपल्याकडे शब्दही आहे, संच. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत 'मूळ संचात' आणि 'नव्या संचात' हे शब्द दिसले की प्रेक्षक त्यातून नेमकं काय ते ओळखतो. पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात तिकीट काढण्याआधी खिडकीवर 'यात कोण आहे?' असं विचारणारा प्रेक्षक नाटकाची गोष्ट विचारत नसतो, संच विचारत असतो. १९७० साली 'नटसम्राट' रंगमंचावर आलं तेव्हा गणपतराव बेलवलकर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. पुढे दत्ता भटांनी ती भूमिका केली, आणि मग 'लागूंचा बेलवलकर की भटांचा' हा वाद घराघरांत वर्षानुवर्षं रंगला.

त्याही मागे जावं, तर संगीत नाटकाच्या कंपन्या फुटण्याचा इतिहास आहे. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले तेव्हा किर्लोस्कर मंडळींचं आता काय होणार, या काळजीनं लोक हळहळले. १९०५ मध्ये बालगंधर्व आले आणि त्याच कंपनीला नवं वेड लाभलं. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्करमध्ये मागाहून आलेले दीनानाथ मंगेशकरही १९१८ मध्ये बाहेर पडले आणि बलवंत संगीत मंडळी उभी राहिली. आज बँडच्या चाहत्यांत जे होतं तेच तेव्हा पिटात बसणाऱ्यांत झालं. कुणी नावाबरोबर राहिले, कुणी गळ्याबरोबर गेले.

तरीही नाटक आणि बँड यांत एक मोठा फरक आहे. नाटकात भूमिका आधी लिहिलेली असते, नट नंतर येतो. बेलवलकर कागदावर आहेतच. त्यांच्यात कोण शिरतो हा पुढचा प्रश्न. बँडमध्ये माणूस आधी येतो आणि जागा त्याच्या अंगच्या मापानं तयार होते. त्याच्या बोटांचा दाब, तार ओढायची त्याची खोड, ठोका किंचित मागे टाकायची त्याची सवय, यातूनच गाणं घडतं. तो निघून गेला की मागे जी जागा राहते ती त्याच्याच आकाराची असते. नव्या माणसाला ती कधी सैल होते, कधी टोचते.

डीप पर्पल या इंग्रज बँडच्या चाहत्यांनी तर संचांना क्रमांकच देऊन टाकले. मार्क वन, मार्क टू, मार्क थ्री. जाणकार मंडळी राजघराण्यांची वंशावळ सांगावी तशी ही यादी सांगतात. 'स्मोक ऑन द वॉटर' हे १९७२ चं गाणं मार्क टूचं, गिटारवर रिची ब्लॅकमोर. गिटार हातात घेतलेला पनवेलचा पोरगाही पहिल्यांदा ब्लॅकमोरचीच ती सुरावट वाजवत असे. १९९३ मध्ये ब्लॅकमोर दौरा अर्धवट टाकून निघून गेला. एप्रिल १९९५ मध्ये डीप पर्पल मुंबईत आला तेव्हा गिटारवर होता स्टीव्ह मोर्स हा अमेरिकी वादक, बँडमध्ये येऊन जेमतेम काही महिने झालेला. मुंबईनं वीस वर्षं ज्याची वाट पाहिली, तो संच असा एक माणूस बदलून आला. या मैफलीचं चित्रण पुढे 'बॉम्बे कॉलिंग' या नावानं निघालं. त्यात मोर्स ब्लॅकमोरची नक्कल करत नाही, ती गाणी स्वतःच्या ढंगानं वाजवतो आणि बाकीचे चौघे त्याला मोकळी वाट देतात.

हिशेब केला तर मोर्स १९९४ पासून २०२२ पर्यंत, म्हणजे सुमारे अठ्ठावीस वर्षं, डीप पर्पलमध्ये होता. ब्लॅकमोरची दोन्ही पर्वं मिळून सोळा वर्षं भरतात. तरी अनेक चाहत्यांच्या तोंडी मोर्स शेवटपर्यंत 'नवा गिटारवाला'च राहिला. २०२२ मध्ये आजारी पत्नीच्या शुश्रूषेसाठी तो बाजूला झाला, तेव्हा कुठे अनेकांच्या लक्षात आलं, की हा माणूस आपलाच झाला होता. वर्षं मोजून चाहत्याच्या मनात जागा मिळत नाही. कोवळ्या वयात जे कानावर पडतं त्याची मुळं खोल जातात. मानसशास्त्राचे अभ्यासकही सांगतात, की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला सर्वाधिक आणि सर्वांत ठळक आठवतात. संच बदलला म्हणून रडणाऱ्याच्या रडण्यात त्याची स्वतःची ती वर्षंही मिसळलेली असतात.

मुंबईच्या स्वतःच्या बँडनं हा अनुभव दुसऱ्या तऱ्हेनं दिला. १९८४ मध्ये मुंबईत रॉक मशीन सुरू झाला. कॉलेजांतले बँड परदेशी गाणी वाजवून टाळ्या घेत होते त्या काळात या मंडळींनी स्वतःची गाणी लिहिली. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' आणि १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' हे अल्बम काढले. उदय बेनेगल गायचा, महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, मार्क सेल्विन बेसवर, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर. धोबी तलावाजवळच्या रंगभवनाच्या उघड्या प्रेक्षागारात पोरं दाटीवाटीनं बसून त्यांना ऐकायची. पनवेलच्या पोराला तिथं पोचायचं म्हणजे तेव्हा एसटीचाच भरवसा. हार्बरची लोकल पनवेलपर्यंत यायला नव्वदचं दशक सरत यावं लागलं. इतक्या लांबून जाऊन ऐकलेलं माणूस विसरत नाही. मंचावर 'तिनईकर' असं आपल्याकडचं आडनाव आहे, याचंही त्या वयात केवढं अप्रूप होतं!

१९९३ मध्ये रॉक मशीननं नाव बदललं, इंडस क्रीड झालं. संगीतातही या मातीचा सूर अधिक उमटू लागला. १९९७ मध्ये बँड थांबला. बेनेगल न्यूयॉर्कला गेला, तिथं जयेश गांधीबरोबर 'आम्स फॉर शांती' हा निराळा उद्योग केला. मग तेरा वर्षांनी, २०१० मध्ये, इंडस क्रीड परत आला. बेनेगल, तिनईकर, बालापोरिया हे जुने तिघे. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी हे पुढच्या पिढीचे दोघे. २०१२ च्या 'इव्हॉल्व्ह' या अल्बममध्ये हा संच ऐकू येतो. जुन्या श्रोत्याचा कान पहिल्या मिनिटाला सेल्विनचा बेस शोधतो, तो सापडत नाही आणि मनाला चुटपुट लागते. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत मात्र त्याला जाणवू लागतं, की हे लोक १९८८ पुन्हा उभं करायला आलेलेच नाहीत. त्यांना आज जे सुचतं आहे ते वाजवायचं आहे. ही सरळ भूमिका कळली की चुटपुट राहूनही ऐकणं थांबत नाही.

गन्स अँड रोझेसनं याच मुंबईत हा सगळा हिशेब तीन हप्त्यांत मांडला.

१९८७ च्या 'अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन'वर पाच नावं होती. अ‍ॅक्सल रोझ, स्लॅश, इझी स्ट्रॅडलिन, डफ मकेगन, स्टीव्हन अ‍ॅडलर. १९९० मध्ये अ‍ॅडलर गेला, १९९१ मध्ये इझी, १९९६ मध्ये स्लॅश, पाठोपाठ डफ. डिसेंबर २०१२ मध्ये बँड वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर उभा राहिला तेव्हा पाचांतला एकच, अ‍ॅक्सल, समोर होता. 'स्वीट चाइल्ड ओ' माइन'ची ती सुरुवातीची सुरावट डीजे अ‍ॅशबाच्या गिटारवर आली. वादनात खोट नव्हती, हात तयारीचे होते. पण गर्दीतल्या कितीतरी लोकांनी ती ऐकताना डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांपुढे उंच काळी टोपी आणि कुरळे केस होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये ती टोपी खरीच मुंबईत आली. स्लॅश स्वतःचा निराळा बँड घेऊन आला, गायला माइल्स केनेडी. आता बोटं खरी होती, आवाज दुसऱ्याचा. तीन वर्षांच्या अंतरानं मुंबईला एकाच गाण्याचे दोन अर्धे भाग मिळाले.

१७ मे २०२५ ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर अ‍ॅक्सल, स्लॅश आणि डफ एकत्र उभे राहिले. २०१६ पासून ते पुन्हा एकत्र होते, पण मुंबईनं त्यांना एका मंचावर पाहिलं ते तेव्हा. पनवेलहून हार्बरनं कुर्ला, मग दादर, मग पश्चिम रेल्वेनं महालक्ष्मी असा प्रवास करून तो पन्नाशी ओलांडलेला माणूसही तिथं होता. पहिले सूर वाजले तेव्हा शेजारची अनोळखी माणसं एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून ओरडली. त्यानंतर त्याला हळूहळू बाकीचंही ऐकू येऊ लागलं. अ‍ॅक्सल ६३ वर्षांचा होता. १९८७ च्या कॅसेटवरचा तो धारदार आवाज आता जपून वर चढत होता. ड्रम्सवर त्याच वर्षी आलेला आयझॅक कार्पेंटर होता. इझी नव्हता, अ‍ॅडलर नव्हता. मूळ संच परत आला असं म्हणावं, तर तो पुरा आलाच नव्हता. आणि ऐकणारा तरी कुठे पुरता तोच होता? तरी त्या रात्री रेसकोर्सवर जे डोळे भरून आले ते खरे होते. इतक्या वर्षांच्या भांडणानंतर तीन माणसं शेजारी शेजारी उभी राहिली, याचंच ते भरून येणं होतं.

याच शहरानं शंभर वर्षांपूर्वी असंच एक भरून येणं पाहिलं होतं. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान'चा प्रयोग झाला. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर, गंधर्व मंडळींचे बालगंधर्व भामिनी. दोन कंपन्या, दोन बाजूंचे कट्टर चाहते आणि एक रात्र. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. त्या प्रयोगाला हजर असलेल्या माणसांनी पुढं जन्मभर ती रात्र सांगितली. ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनीही ती सांगितली.

भांडून गेलेला माणूस परतू शकतो. मृत्यूनं नेलेल्याची गोष्ट वेगळी. दिल्लीचा इंडियन ओशन हा बँड महाराष्ट्रातल्या कॉलेजांनी आपला मानला. नर्मदेच्या आंदोलनात वावरलेला राहुल राम त्यात बेस वाजवतो आणि 'मा रेवा' हे त्यांचं गाणं म्हणजे नर्मदेचीच हाक, हे त्यामागचं एक कारण. या बँडमध्ये असीम चक्रवर्ती मांडी घालून बसत, तबला वाजवत आणि त्याच वेळी गात. हातांचा ठेका आणि गळ्याचा सूर एकाच श्वासातून येई. २५ डिसेंबर २००९ ला असीम गेले. त्यानंतर बँडनं एक नवा अल्बम बाहेर काढला, '१६/३३० खजूर रोड'. दिल्लीतल्या ज्या जुन्या घरात त्यांची तालीम चाले त्या घराचा हा पत्ता. गाणी असीम असताना ध्वनिमुद्रित झाली होती. जुलै २०१० पासून दर महिन्याला एक गाणं इंटरनेटवर विनामूल्य दिलं गेलं. गेलेल्या माणसाचा आवाज चाहत्यांना महिन्या-महिन्यानं मिळत राहिला.

असीम यांच्या जागी पुढे कुणाला घेतलं, हे फार बोलकं आहे. एकाला घेतलंच नाही. तबल्यावर तुहीन चक्रवर्ती आले, गायला हिमांशू जोशी. एका माणसाच्या रिकाम्या जागेवर दोन माणसं बसली आणि मंचाकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला ती जागा केवढी होती ते दिसलं. २०१३ मध्ये संस्थापक गिटारवादक सुश्मित सेनही बाजूला झाले, निखिल राव आले. आज इंडियन ओशन ऐकायला जाणारा जुना माणूस 'कंदिसा' या गाण्याच्या वेळी असीमना शोधतो, आणि बँड त्याला त्या शोधण्यापासून अडवत नाही.

आयर्न मेडननं हेच निराळ्या रीतीनं केलं. १९९९ मध्ये गायक ब्रूस डिकिन्सन आणि गिटारवादक एड्रियन स्मिथ परतले, तेव्हा स्मिथच्या जागी आलेल्या यानिक गर्सला कुणी घरी पाठवलं नाही. दोन गिटारींचा बँड तीन गिटारींचा झाला. १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात मुंबईकरांनी त्या तीन गिटारी एका ओळीत पाहिल्या. गेलेल्याची उणीव किंवा आलेल्याचा मान, यांतलं काहीच जिथे लपवलं जात नाही, तिथे चाहता टिकतो. 'काही बदललंच नाही' असं भासवणाऱ्या मंचासमोर त्याला एकटं वाटतं; त्याच्या कानाला जे कळलं आहे ते कुणी कबूल करत नाही म्हणून.

महालक्ष्मीहून तो माणूस पनवेलला परतला तेव्हा मध्यरात्र उलटली होती. स्टेशनबाहेर रिक्षांची रांग, उसाच्या रसाची बंद गुऱ्हाळं, दूरवर उंच इमारतींचे दिवे. १८५२ ची नगरपालिका २०१६ मध्ये महानगरपालिका झाली, लाइन आळीतले कौलारू वाडे एकेक करून उतरले, गावाचं नाव मात्र तेच आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. वडाळे तलावाजवळच्या एका इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत त्याची मुलगी आणि तिचे मित्र वाजवायला जमतात. चौघांचा बँड होता. बेस वाजवणारा मुलगा शिकायला पुण्याला गेला, आता तिघं उरली. संध्याकाळी तिला बोलवायला तो जिना चढून वर गेला आणि दाराबाहेरच थांबला. आत त्यांचं स्वतःचं गाणं चाललं होतं. त्या गाण्यात मधे एक जागा आहे, तिथं बाकीची वाद्यं थांबतात आणि चार मात्रांची आवर्तनं चार वेळा नुसता बेस वाजतो. ती जागा आली. गिटार थांबली, ड्रम्स थांबले. खोली शांत झाली. दाराच्या फटीतून त्याला तीन जोडी पाय दिसत होते. तिघांचेही पाय जमिनीवर हलके आपटत मात्रा मोजत होते. सोळा मात्रा पुऱ्या झाल्या, आणि तिच्या गिटारनं पुढची ओळ उचलली.